विषय : खाली आणणेबाबत

मधुसूदनराव देऊळगावकरांनी आयुष्यात जे काही मिळवलं, ते अर्ज करून मिळवलं. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढल्यावर माणसाचं असंच होतं. त्यांच्या मते तोंडी मागितलं की ती याचना होते आणि तेच लेखी मागितलं की मागणी होते. याचना नाकारली गेली तर माणसाचा अपमान होतो. अर्ज नामंजूर झाला तर फार तर अपील करावं लागतं. त्यामुळे बायकोला तिसऱ्या मजल्यावरून अंगणात आणायची वेळ आली, तेव्हाही त्यांनी अर्जच केला, आणि तो थेट अग्निशमन दलाला केला.

ऐकणाऱ्याला यात काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. मधुसूदनरावांना तसं काही वाटलं नव्हतं, आणि या गोष्टीतलं निम्मं दुःख तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी अंबिकाबाईंचा उजवा पाय आणि उजवा हात अर्धांगवायूने गेला. जीभ मात्र शाबूत राहिली, हे त्या स्वतःच सांगायच्या. दवाखान्यातून दोन वॉर्डबॉय आणि एक ड्रायव्हर यांनी त्यांना कसंबसं वर आणून ठेवलं, आणि त्या वरच राहिल्या. सिडकोतली ही इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. जिना इतका अरुंद की देऊळगावकरांचं कपाट पूर्वी दोरीने गॅलरीतून वर घ्यावं लागलं होतं. कपाट त्या मानाने सुखाने चढलं. अंबिकाबाईंना गॅलरीतल्या खुर्चीत बसवलं की खालच्या लिंबाचा फक्त शेंडा दिसायचा. ते झाड त्यांनीच लावलेलं, नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं त्या दिवसांतही तांदूळ धुतल्याचं पाणी घालून जगवलेलं. आपण लावलेल्या झाडाचा नुसता शेंडा बघायचा, हे त्यांना फार लागायचं. "बुंधा केवढा झालाय हो?" असं त्या महिन्यातून एकदा विचारायच्या आणि मधुसूदनराव दोन्ही हातांनी माप दाखवायचे.

झाडाचं दुःख सोसण्यासारखं होतं. रत्नमालेचं नव्हतं.

रत्नमाला ही अंबिकाबाईंची धाकटी बहीण, मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या मागे राहायची. रिक्षाने पंधरा मिनिटांची वाट. गेल्या भाद्रपदात ती आजारी पडली आणि 'ताईला एकदा आणा' म्हणून निरोप आला. अंबिकाबाई म्हणाल्या, "चार माणसं बघा. खुर्चीत बसवून खाली उतरवतील. खाली गेले की मी माझं बघते." पुण्याहून लेक सावनीनेही फोनवर तेच सांगितलं. अँब्युलन्सवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की गाडी पाठवतो, पण जिन्यात माणसं तुमची लागतील.

मधुसूदनराव माणसं बघायला बाहेर पडले. एक मजला उतरून ते नानासाहेबांच्या दारापुढे उभे राहिले. घंटीपर्यंत बोट नेलं. आणि त्यांना स्वतःचीच नोटीस आठवली.

गोष्ट अशी, की सोळा वर्षं ते सोसायटीचे सचिव होते आणि या काळात त्यांनी इमारतीतल्या प्रत्येकाला लेखी समज दिलेली होती. नानासाहेबांना : 'आपल्या दारासमोर, सार्वजनिक जिन्यात, पादत्राणांचे एकूण अकरा जोड आढळून आले.' समोरच्या अतुलला : 'आपली मोटारसायकल प्रवेशद्वारात तिरपी उभी केल्याचे निदर्शनास आले.' तळमजल्यावरच्या संस्कृतीला : 'गच्चीवर विनापरवाना पापड वाळत घातल्याबाबत.' ज्यांच्याकडून खुलासे मागवले, त्यांच्यापुढेच हात पसरायचे? मधुसूदनराव दहा मिनिटं दारापुढे उभे होते. आतून दूरदर्शनवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. मग ते वर गेले आणि बायकोला म्हणाले, "विचारलं सगळ्यांना. कुणीच मोकळं नाही."

चौथ्या दिवशी रत्नमाला गेली.

अंबिकाबाई रडल्या, आणि मग त्यांनी शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. संक्रांतीला संस्कृती तिळगूळ घेऊन आली, तर "देवापाशी ठेव" म्हणून भिंतीकडे तोंड केलं. नानासाहेबांच्या घरून त्यांच्या कन्नडच्या शेतातला हुरडा आला, तो तसाच परत गेला. हळूहळू लोक यायचे थांबले. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांच्यावरचा हा राग मधुसूदनराव रोज डोळ्यांनी बघत होते. खरं सांगायची वेळ रोज यायची, आणि ते रोज तिला पुढची तारीख देत होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अग्निशमन केंद्रातला धम्मपाल सोसायटीत पत्रकं वाटायला आला, तेव्हा हे असं होतं.

धम्मपाल पस्तिशीतला, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. त्याने लिंबाखाली सात-आठ जणांना जमवून गॅसची नळी कधी बदलायची ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "चौदा तारखेपासून आमचा अग्निशमन सप्ताह असतो. सोसायटीनं मागणी केली तर आम्ही प्रात्यक्षिक करून दाखवतो. खोटी आग लावतो, आणि वरच्या मजल्यावरून एका माणसाला जखमी म्हणून खाली आणतो. फुकट असतं सगळं."

मधुसूदनरावांच्या काळजात लख्ख उजेड पडला. खाली आणतो. शासकीय यंत्रणा, लेखी मागणी, कुणाचे उपकार नाहीत. त्याच दुपारी त्यांनी अर्ज लिहिला. त्याच्या दोन प्रती काढल्या आणि विषय लिहिला : तिसऱ्या मजल्यावरील रहिवाशास प्रात्यक्षिकादरम्यान खाली आणणेबाबत. अंबिकाबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी कागद डाव्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "आगवाले बरे. परके असून येतायत." मधुसूदनरावांनी चष्मा पुसायला काढला.

केंद्राने सांगितलं की सोसायटीचा ठराव हवा. ठरावाला सभा हवी. सभेला अध्यक्ष हवा, आणि अध्यक्ष होते नानासाहेब. कन्नडची शेती सांभाळून शहरात बियाणांचं दुकान चालवणारे, एकशे आठ किलोंचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ.

"भाऊसाहेब, लई चांगली गोष्ट काढली तुम्ही," ते सभेत म्हणाले. "जखमी मी होतो. लोकांना दिसंल तरी."

धम्मपाल मुद्दाम सभेला आला होता. त्याने नानासाहेबांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही प्रमुख पाहुणे व्हा. आमची माणसं चारच आहेत."

अतुलचं म्हणणं पडलं की जखमी माणूस गॅलरीतून दोरीने सोडावा, व्हिडिओ चांगला येतो. तो खाजगी कंपनीत विक्री बघायचा आणि जगातली प्रत्येक गोष्ट मोबाईलमध्ये उभी बसेल की आडवी, या दृष्टीने बघायचा. संस्कृती शाळेत शिकवायची. तिने विचारलं, "पण काकूंना कशाला तकलीफ? पोत्यात भुसा भरून बाहुला करू की."

"प्रात्यक्षिक वास्तवदर्शी असलं पाहिजे," मधुसूदनराव ताठ होऊन म्हणाले.

"पण वहिनी तयार हायेत का?" नानासाहेबांनी आवाज खाली आणून विचारलं. "त्या तर आमच्याशी बोलतबी नाय. आमचं काय चुकलं, काय कळंना."

सगळे मधुसूदनरावांकडे बघू लागले. त्यांनी इतिवृत्ताच्या वहीत 'चर्चा झाली' असं लिहिलं आणि पुढचा विषय घेतला.

ठरावानंतर पोलीस ठाण्याला माहिती, वीज कार्यालयाला माहिती आणि वॉर्ड ऑफिसची परवानगी. वॉर्ड ऑफिसात खोट्या आगीसाठी अर्जाचा नमुनाच नव्हता. तिथल्या कारकुनाने बराच शोध घेऊन 'मंडप, कमान व तात्पुरती उभारणी' हा नमुना दिला.

"उभारणीचं स्वरूप?" त्याने विचारलं.

"आग."

"किती बाय किती?"

"तीन बाय तीन फूट. पत्र्याच्या पिंपात."

"किती दिवस राहणार?"

"वीस मिनिटं."

"दिवसापेक्षा कमी लिहिता येत नाही," कारकून म्हणाला आणि त्याने एक दिवसाची आग मंजूर केली. मधुसूदनरावांना त्या माणसाबद्दल आदर वाटला. आपल्या वेळी आपणही हेच केलं असतं, असं मनाशी म्हणत ते सावली शोधत घरी आले. एकूण नऊ अर्ज झाले. नऊही त्यांनी फाईलला लावले, पानांना क्रमांक घातले आणि फाईल अंबिकाबाईंच्या उशाशी ठेवली.

चौदा तारीख जमत नव्हती. "त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीला आमची गाडी बंदोबस्ताला असते," धम्मपाल म्हणाला. "मला हलता येत नाय तिथून. आणि खरं सांगू का सर, हलायचंबी नसतं." म्हणून सतरा ठरली.

सतराच्या सकाळी सातलाच अंबिकाबाई तयार होऊन बसल्या. कामाच्या बाईकडून त्यांनी अंजिरी रंगाची साडी नेसून घेतली होती. ती रत्नमालेने तिच्या शेवटच्या दिवाळीला दिलेली.

"अगं, तू आगीत सापडलेली बाई आहेस," मधुसूदनराव म्हणाले. "इतकं नटून कसं चालेल?"

"दोन वर्षांनी चार माणसांत जातेय, मग गाऊनवर जाऊ होय? आगीला काय, साडी बघून ती परत जाणार आहे?"

नऊ वाजता धम्मपालचा फोन आला, की भंगाराच्या गोदामाला आग लागलीय, गाडी तिकडे निघाली. खऱ्या आगीपुढे खोट्या आगीचं काय चालणार. मधुसूदनरावांनी हे बायकोला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. तिथं कुणी अडकलं असेल." मग कामाची बाई साडी बदलायला आली, तेव्हा म्हणाल्या, "राहू दे गं, अजून तासभर." त्या तशाच दुपारी एकपर्यंत दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मधुसूदनराव आतल्या खोलीत जाऊन फाईल उघडून बसले आणि त्यांना एक अक्षर दिसेना.

वीस तारीख, सप्ताहाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी लाल गाडी खरोखर आली, आणि आली ती सायरन वाजवत.

तोवर खालचा बेत हाताबाहेर गेलेला होता. धुरासाठी दोन मूठ ओला कडबा पुरला असता. नानासाहेबांनी कन्नडहून टेम्पोत कडबा आणवला होता आणि अध्यक्षाच्या उत्साहाने पिंप गच्च भरलं होतं. धूर असा उठला की तो इमारतीच्या बाजूने सरळ गच्चीवर गेला. तिथे संस्कृतीने, नोटिशीला न जुमानता, उडदाचे पापड आणि कुरडया वाळत घातल्या होत्या. ती पदर नाकाला लावून जिन्याने वर धावली. धम्मपालच्या माणसाला वाटलं की बाई घाबरून उलट्या दिशेने पळतेय, म्हणून तो तिच्यामागे धावला आणि तिला सुखरूप खाली घेऊन आला. तिच्या हातात पापडांचं ताट होतं. अतुल हे सगळं टिपत होता आणि "मॅडम, पुन्हा एकदा याल का?" असं विचारत होता.

पाण्याचं वेगळंच. एप्रिल महिना, नळ सहा दिवसांपूर्वी येऊन गेलेला. धम्मपालने पाइपचा फवारा लिंबाच्या शेंड्यावर सोडला, तेव्हा टाळ्या वाजवायच्या ऐवजी लोक बादल्या, घमेली, कुकर घेऊन झाडाखाली उभे राहिले. फवारा धम्मपालने जरा हळू केला, आणि सगळ्या बादल्या भरेपर्यंत पाइप तसाच धरून ठेवला.

मग चौघे जण तिसऱ्या मजल्यावर गेले. त्यांनी अंबिकाबाईंना खुर्चीत बसवलं, छातीपाशी आणि गुडघ्यांपाशी पट्टे बांधले. धम्मपाल वाकून म्हणाला, "मावशी, जिना उतरताना पोटात गोळा येतो. डोळे मिटून घेतले तरी चालंल."

"दोन वर्षांनी बघतेय," अंबिकाबाई म्हणाल्या, "मिटू कशाला?"

त्या सगळं बघत उतरल्या. दारावरच्या नव्या पाट्या बघितल्या, भिंतीचा उडालेला रंग बघितला. दुसऱ्या मजल्यावर म्हणाल्या, "चौदा जोड झाले की हो यांचे." मागून उशी आणि फाईल घेऊन येणाऱ्या मधुसूदनरावांना कित्येक महिन्यांनी हसू आलं. आपण हे घडवून आणलं, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला होता आणि डोळेही, आणि धुरामुळे दुसरी गोष्ट लपून गेली.

लिंबाखाली खुर्ची ठेवली. अंबिकाबाईंनी डावा हात लांब करून बुंध्यावर ठेवला. झाड अजून ओलं होतं. "तुम्ही माप कमी दाखवत होता," त्या म्हणाल्या. धम्मपालने त्यांच्या पदराला सप्ताहाचा छोटा कागदी झेंडा टाचला. आगीशी लढताना गेलेल्या दलाच्या जवानांच्या नावाचा तो झेंडा असतो, असं त्याने सांगितलं. अंबिकाबाईंनी तो बोटाने नीट सरळ केला.

नानासाहेबांचं पाहुण्याचं भाषण सुरू झालं आणि दुसऱ्याच वाक्याला धम्मपालचा फोन वाजला. चिकलठाण्याच्या बाजूला गवत पेटलं होतं आणि वारा वस्तीकडे होता. माणसं बोलता बोलता गाडीत चढली. धम्मपाल पायरीवर पाय ठेवता ठेवता ओरडला, "मावशी, वर न्यायला मी येतो परत. शब्द देतो." गाडी फाटकाबाहेर गेली.

आणि तेव्हा, लिंबाखाली बायकोशेजारी उभ्या असलेल्या मधुसूदनरावांच्या लक्षात आलं, की नऊ अर्जांत 'वर' हा शब्द कुठेच नव्हता. त्यांनी फाईल उघडून पुन्हा पाहिलं. ठरावात नव्हता, परवानगीत नव्हता, सोबतच्या नकाशात बाणसुद्धा फक्त खाली जात होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतका अपुरा प्रस्ताव त्यांनी कुणाचा पाहिला असता, तर शेरा मारून परत पाठवला असता.

पहिला तास चांगला गेला. लोक पोहे खाऊन आपापल्या घरी, कामावर गेले. अंबिकाबाई झाडाखाली बसून होत्या. "रत्नाला हे आवडलं असतं," एवढंच मधे म्हणाल्या. मग ऊन वर आलं. सावली सरकली तशी मधुसूदनरावांनी खुर्ची सरकवली, तीही इंच इंच, कारण त्यांची स्वतःची कंबर कामातून गेलेली. साडेअकराला गोळीची वेळ झाली, ते तीन मजले चढून गोळी घेऊन आले. बाराला अंबिकाबाई हळूच म्हणाल्या, "आता मला वर जायला हवं हो. बसवत नाही."

"धम्मपाल येतीलच."

"हं." त्यांनी ओठ आवळले. "या लोकांना मात्र सांगू नका. एकदा नाही म्हणालेत, तेवढं पुरे."

तळमजल्यावरचं संस्कृतीचं दार आठ पावलांवर होतं. उघडंच होतं. आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. ती आठ पावलं मधुसूदनरावांनी मनात तीन वेळा चालून पाहिली.

साडेबाराला नानासाहेब दुकानातून जेवायला आले आणि फाटकातच थबकले.

"वहिनी अजून खालीच? उन्हात?" त्यांनी हातातली पिशवी मोटारसायकलवर ठेवली. "भाऊसाहेब, कामून सांगितलं नाय? फोन तरी करायचा." उत्तराची वाट न बघता त्यांनी अतुलला हाक मारली, संस्कृतीच्या नवऱ्याला हाक मारली. संस्कृती ओले हात पदराला पुसत बाहेर आली. कुणी अर्ज मागितला नाही. खुर्चीच्या पायांना तिघांचे हात लागले, संस्कृतीने अंबिकाबाईंचा लुळा हात आपल्या हातात घेतला, आणि खुर्ची उठली.

अंबिकाबाई समोर बघत होत्या, कुणाकडेच न बघता.

दुसऱ्या मजल्यावर, चौदा जोडांच्या शेजारी, नानासाहेबांनी दम खायला खुर्ची टेकवली. कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले, "वहिनी, रागावू नका. दोन वर्सं तुम्ही वर बसून काढली. आम्हाला एका शब्दानं कधी सांगितलं नाय. आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचा हात लागलेला चालत नसंल."

अंबिकाबाईंनी मान वळवली. "यांनी विचारलं होतं ना तुम्हाला? भाद्रपदात? माझी बहीण आजारी होती तेव्हा?"

"मला?" नानासाहेबांनी अतुलकडे पाहिलं, अतुलने संस्कृतीकडे. "नाय बा. बहीण आजारी होती हेच आम्हाला ती गेल्यावर कळलं."

"काकू, मी सुट्टीवरच होते तेव्हा," संस्कृती म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं, म्हणून ती सरळ म्हणाली.

खुर्चीच्या मागे उशी, चपला आणि फाईल घेऊन मधुसूदनराव उभे होते. अंबिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या कागदावरची सही खोटी निघावी, तसं त्या बघत होत्या. "चला," त्या नानासाहेबांना म्हणाल्या, "तुमचे हात दुखत असतील."

घरात पोचल्यावर त्यांनी चौघांना पाणी द्यायला सांगितलं. संस्कृतीचा हात सोडताना म्हणाल्या, "तिळगूळ अजून आहे गं देवापाशी. मी खाल्ला नाही तो." संस्कृतीने काकूंच्या पायांवरची साडी सारखी केली. सगळे गेल्यावर अंबिकाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

चार वाजता धम्मपाल आला. तोंड काळवंडलेलं, भुवया जळालेल्या, बुटांना राख. तीन मजले चढून दारात उभा राहिला. "उशीर झाला सर. चार घरं वाचली, पण उशीर झाला. मावशी कुठं आहेत?"

वर आणलं असं कळल्यावर तो निश्वास टाकून उंबऱ्यावरच बसला. तांब्याभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी एवढे कागद करू नका सर. फोन करायचा. पेशंटला खाली उतरवायचं असलं की लोक बोलवतात आम्हाला, हातात काम नसलं की आम्ही जातो. गेल्या भाद्रपदात तर बाजूच्याच गल्लीत एका आजोबांना उतरवलं."

"भाद्रपदात," आतून अंबिकाबाई म्हणाल्या.

"हो मावशी. का?"

"काही नाही. भुवयांना खोबरेल लावा."

धम्मपाल गेला. मधुसूदनरावांनी दार लावलं आणि ते दाराला पाठ लावून उभे राहिले. आता सांगायला हवं होतं. चपलांच्या नोटिशीपासून सांगायचं की घंटीपासून, हे ते ठरवत होते. नेहमीप्रमाणे त्यांना आधी विषय लागत होता आणि मग संदर्भ.

"घंटी वाजवली होती का?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"नाही."

"दारापर्यंत गेला होता?"

"गेलो होतो. दहा मिनिटं उभा होतो."

त्यांनी मान हलवली. पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्याने पदरावरचा कागदी झेंडा फडफडत होता. मधुसूदनराव पलंगापाशी आले, बसले, आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांत लपवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस रडला की त्याचा आवाज फार वाईट येतो. त्यांना माफी मागायची होती, आणि ती कशी मागतात हे त्यांना कधीच माहीत नव्हतं, कारण ती लेखी मागता येत नाही.

अंबिकाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "मला मुकुंदवाडीला जायचंय."

त्यांनी डोळे पुसले. "आता तिथं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणून तर घाई नाही." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तुमच्या सवडीनं विचारा."

मधुसूदनराव उठले. चपला घालायच्या राहिल्या. अनवाणीच एक मजला उतरून ते त्याच दारापुढे उभे राहिले, आणि या वेळी घंटी वाजवली. नानासाहेबांनी दार उघडलं. दुपारच्या झोपेतून उठून आले होते, गालावर उशीच्या घड्या होत्या.

"काय भाऊसाहेब?"

मधुसूदनरावांच्या घशात वाक्य तयार होतं, विषय आणि संदर्भासकट. बाहेर आलं ते एवढंच : "मला मदत पाहिजे. हिला खाली न्यायचंय." आणि मग, थोडं थांबून, "आणि परत वरही आणायचंय."

"व्हय, चला की," नानासाहेब म्हणाले आणि चौदा जोडांतून आपली चप्पल शोधू लागले.